एंडोक्रायनॉलॉजी आणि मधुमेह-संशोधन: इंटर्नशिप करणाऱ्या एका मुलीला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठवाड्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात इंटर्नशिप संपत आलेली मुलगी विचारते: हार्मोन्सच्या आजारांत (म्हणजे एंडोक्रायनॉलॉजीत) आणि मधुमेहाच्या संशोधनात काम करायचं असेल तर रस्ता कोणता? आधी डीएम (एमडीनंतरची सुपरस्पेशालिटी पदवी) करावं की पीएच.डी.? परदेशात गेल्याशिवाय संशोधन होतं का? वडील शेती करतात, धाकटा भाऊ शिकतोय आणि घरी "अजून किती वर्षं?" हा विषय रोज निघतो. शेवटी एक ओळ आहे: "इंटर्नशिपचे उरलेले चार महिने काय करू?"

तुला एकेरी लिहिते, माझ्या रेसिडेंट मुलींशी बोलते तशी.

आधी वर्षांचा हिशेब मांडू, कारण घरी तोच विचारतात. इंटर्नशिप झाली की नीट-पीजी किंवा आयएनआय-सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यायची आणि एमडी मेडिसिनला प्रवेश घ्यायचा. ती तीन वर्षं. मग नीट-एसएस ही सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा द्यायची. एम्स, चंदीगडचं पीजीआय अशा राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थांसाठी आयएनआय-एसएस वेगळी असते. त्यातून डीएम एंडोक्रायनॉलॉजी किंवा तिच्या तोडीची डीआरएनबी, ही आणखी तीन वर्षं. लहान मुलांची ओढ असेल तर एमडी पीडियाट्रिक्स करूनही डीएमला येता येतं. कागदावर ही सहा वर्षं झाली. परीक्षेच्या तयारीत जाणारं वर्ष आणि बाँडची (सरकारी रुग्णालयातली सक्तीची) सेवा धरली तर सात-आठ धर. बाँडचे नियम बदलत असतात, म्हणून ज्या वर्षी प्रवेश घेशील त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाच, सीनियरच्या ऐकीव माहितीवर राहू नकोस. वडिलांना मात्र एक गोष्ट नीट समजावून सांग: एमडी आणि डीएमच्या या सगळ्या वर्षांत स्टायपेंड मिळतो. तू घरावर अवलंबून नसशील. भावाच्या फीला हातभार लावता येईल इतपत पैसे रेसिडेंटच्या हातात येतात. माझ्या बरोबरीच्या दोघांनी असंच केलं.

डीएमसाठी महाराष्ट्रात मुंबईच्या केईएमचा विभाग सगळ्यांना माहीत आहे. बाहेर चंदीगडचं पीजीआय, दिल्लीचं एम्स, लखनौचं एसजीपीजीआय, वेल्लोरचं सीएमसी. कार्डिओलॉजी किंवा गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीसारख्या हाताने करायच्या प्रोसिजर या शाखेत जवळपास नाहीत आणि त्यामुळे उत्पन्न सावकाश वाढतं. हे आजच सांगून ठेवते. पाच वर्षांनी कॅथलॅबमध्ये काम करणाऱ्या मैत्रिणीशी तुलना करून वाईट वाटून घेण्यापेक्षा आत्ताच विचार झालेला बरा.

आता मी या शाखेत का आले ते सांगते. तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर त्या गोष्टीतच आहे.

एमडीच्या दुसऱ्या वर्षाला होते. रात्री कॅज्युअल्टीतून एक बाई वर आली. वय चौतीस, ऊसतोडीला जाणारं कुटुंब. दोन दिवस उलट्या, मग बेशुद्ध. रक्तातली साखर 46, सोडियम 118, दोन्ही फारच खाली. डेक्स्ट्रोज (शिरेतून साखर) दिलं, बाई डोळे उघडून परत झोपली. सकाळपर्यंत तपासण्या आल्या. टीएसएच (थायरॉइडची नेहमीची रक्ततपासणी) नॉर्मल होता, तेव्हा मी थायरॉइडवर बरोबरची खूण करून पुढे गेले. राउंडला आमच्या मॅडम आल्या. त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि बाईच्या सासूला एकच विचारलं: "शेवटच्या बाळंतपणात हिला दूध आलं होतं का?"

सासू म्हणाली, नाही आलं. बाळंतपण घरी झालं होतं, रक्त खूप गेलं होतं. मूल वरच्या दुधावर वाढलं. त्यानंतर पाळी आलीच नाही. या गोष्टीला सात वर्षं झाली होती. सात वर्षं ही बाई "अशक्तपणा"च्या नावाखाली सलाइन लावून घेत होती. काखेतले केस गेले होते, उन्हाळ्यातही गोधडी घेऊन झोपायची. हे सगळं घरातल्यांना ठाऊक होतं, आम्ही विचारलंच नव्हतं.

हा शीहान सिंड्रोम. हॅरॉल्ड शीहान या ब्रिटिश पॅथॉलॉजिस्टने 1937 मध्ये त्याचं वर्णन केलं. गरोदरपणात मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी फुगते, पण तिचा रक्तपुरवठा त्या प्रमाणात वाढत नाही. बाळंतपणात रक्तस्राव होऊन रक्तदाब कोसळला की ती ग्रंथी सुकते. दूध आणणारं प्रोलॅक्टिन जातं, पाळीची हार्मोन्स जातात, पुढे कॉर्टिसोल (मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथींचं, ताणात जीव तगवणारं हार्मोन) आणि थायरॉइडला हुकूम देणारी हार्मोन्सही जातात. हुकूम देणारी ग्रंथीच निकामी झाली असेल तर टीएसएच "नॉर्मल" दिसू शकतो. टी-फोर (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, थायरॉक्सिन) बघितल्याशिवाय काही कळत नाही. मी टी-फोर पाठवलाच नव्हता. पाठवला असता आणि कमी आला म्हणून नुसती थायरॉक्सिनची गोळी सुरू केली असती, तर आणखी वाईट झालं असतं. थायरॉक्सिनने शरीरातला उरलासुरला कॉर्टिसोल भराभर संपतो आणि रुग्ण ॲड्रिनल क्रायसिसमध्ये, म्हणजे कॉर्टिसोलअभावी जिवावरच्या संकटात, जातो. आधी हायड्रोकॉर्टिसोन (औषध म्हणून दिलेला कॉर्टिसोल), मग थायरॉक्सिन: हा क्रम त्या सकाळपासून माझ्या डोक्यात कायमचा बसला. हायड्रोकॉर्टिसोन दिल्यावर मूत्रपिंडं साठवलेलं पाणी झपाट्याने सोडतात आणि सोडियम भरभर वर चढतो, त्याने मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून दर काही तासांनी सोडियम पाठवत मी दोन रात्री तिच्या खाटेशी होते. तिसऱ्या दिवशी ती उठून बसली आणि तिने भाकरी मागितली.

त्या बाईला बरं करायला कोणतंही महागडं यंत्र लागलं नाही. गोळ्यांचा महिन्याचा खर्च किरकोळ. जे लागलं ते म्हणजे सात वर्षं मागे जाऊन विचारलेला एक प्रश्न. हार्मोन्सचे आजार वर्षानुवर्षं हळूहळू घडत जातात, आणि ज्याला ती वर्षं बघायची सवय नाही त्याच्या समोरून ते निघून जातात. संशोधनाचंही तसंच आहे. या शाखेत चांगलं संशोधन करणारा माणूस म्हणजे तीच माणसं पुन्हा पुन्हा, वर्षानुवर्षं बघणारा माणूस. डीएम, पीएच.डी., परदेश हे सगळे मार्ग आहेत. ही सवय मात्र कोणत्याही पदवीच्या आधी लावून घ्यावी लागते.

म्हणून पहिला सल्ला: एमडी मेडिसिनची तीन वर्षं "मधली पायरी" म्हणून काढू नकोस. मधुमेही माणूस तुझ्याकडे साखर घेऊन येत नाही. तो पायाची जखम, सूज, छातीतली कळ, दमा वाटणारं हार्ट फेल्युअर आणि क्षयरोग घेऊन येतो. ज्याला मेडिसिन येत नाही त्याला एंडोक्रायनॉलॉजी येणार नाही. डीएमला आलेली जी मुलं पहिल्या सहा महिन्यांत अडखळतात, ती हार्मोन्सच्या अभ्यासात कच्ची नसतात. ती ईसीजी आणि इलेक्ट्रोलाइट्समध्ये कच्ची असतात.

डीएममध्ये काय करावं लागतं याची कल्पना बाहेरून येत नाही. सकाळी आठच्या आधी डायनॅमिक टेस्ट्स, म्हणजे हार्मोन मुद्दाम दाबून किंवा चेतवून बघायच्या तपासण्या, सुरू होतात. रात्री अकराला डेक्सामेथासोनची एक मिलिग्रॅमची गोळी घेऊन आलेल्या माणसाचा सकाळी आठचा कॉर्टिसोल काढायचा, तो 1.8 मायक्रोग्रॅमच्या खाली दबला पाहिजे. पाणी बंद करून दर तासाला वजन आणि लघवी मोजायची. इन्सुलिन टॉलरन्स टेस्टमध्ये मुद्दाम साखर खाली आणायची आणि हातात डेक्स्ट्रोजची सिरिंज घेऊन रुग्णाजवळून हलायचं नाही. गोल चेहरा, पोटावर जांभळे पट्टे अशी बाई आली की पिट्युटरीचा एमआरआय लिहायचा मोह होतो. त्याआधी विचारायचं: सांधेदुखीसाठी कुणाकडून पुडी घेता का? आपल्याकडे कुशिंगच्या (कॉर्टिसोल जास्त झाल्याच्या आजाराच्या) चेहऱ्यामागे फार वेळा ती पुडी असते आणि पुडीत स्टेरॉइड. तेव्हा कॉर्टिसोल वाढलेला नाही, उलट तळाला गेलेला सापडतो. अशा माणसाची पुडी एका दिवसात बंद केली तर त्याचा जीव जाऊ शकतो, कारण त्याच्या स्वतःच्या ॲड्रिनल ग्रंथी झोपलेल्या असतात. ती हळूहळू कमी करावी लागते.

आणि टाइप वन मधुमेहाची, अंगात इन्सुलिनच न बनणारी मुलं. डीएमच्या वर्षांत सगळ्यात जास्त मी त्यांच्याकडून शिकले. दिवसाला चार इंजेक्शनं, बोटाला टोचणं, शाळेत कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही, मुलीचं लग्न. फ्रिज नसलेल्या घरात इन्सुलिन कुठे ठेवायचं? बाहेरून ओलं ठेवलेल्या मातीच्या माठात ठेवलं तर उन्हाळ्यात बराच फरक पडतो, हे मला आधी एका आजीने दाखवलं आणि मग मी त्याबद्दल वाचलं. वापरात असलेली बाटली खोलीच्या तापमानाला महिनाभर टिकते हे आपण पाठ केलेलं असतं. पण पुस्तकातली खोली पंचवीस अंशांची असते आणि मे महिन्यातली जालन्याची खोली तशी नसते.

आता संशोधनाकडे येते. यात मी सगळ्यात जास्त रमते, तेव्हा जरा सविस्तर वाच.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डायबेटीस युनिटचं काम तू ऐकलं असशील. 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक फोटो छापून आला. दोन डॉक्टर शेजारी उभे: पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) अगदी सारखा, 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. बीएमआय नॉर्मल म्हणून आपण ज्यांना "बारीक" म्हणून सोडून देतो, त्यांच्या अंगात काय दडलेलं असू शकतं हे त्या एका फोटोने जगाला कळलं. मी आजही नव्या रेसिडेंटला पहिल्या दिवशी तोच फोटो दाखवते.

पण फोटोच्या मागचं काम जास्त मोलाचं आहे. 1990च्या दशकात या गटाने पुण्याजवळची सहा गावं निवडली. सुमारे अडीच हजार विवाहित स्त्रियांच्या घरी दर महिन्याला जाऊन पाळीची तारीख नोंदवली, म्हणजे कोण कधी गरोदर राहिली हे अचूक कळेल. गरोदरपणात त्या काय खातात, किती राबतात हे मोजलं. बाळ जन्मलं की त्याचं वजन, लांबी, त्वचेखालच्या चरबीची जाडी मोजली. पुण्याच्या गावांतली बाळं सरासरी 2.7 किलोंची आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोंची. आपली बाळं स्नायूंत, पोटाच्या अवयवांत कमी भरली, पण पाठीवरची चरबी त्या मानाने राखलेली होती. दिसायला किडकिडीत आणि आतून चरबीकडे झुकलेली. मधुमेहाची मुळं चाळिशीतल्या वडापावात शोधणाऱ्या आपल्या सगळ्यांना आईच्या पोटापर्यंत मागे जावं लागलं.

पुढे ती बाळं सहा वर्षांची झाली तेव्हा पुन्हा तपासली. दोन-तृतीयांश मातांमध्ये गरोदरपणी बी-12 कमी होतं, फोलेटची कमतरता मात्र जवळपास नव्हतीच. ज्यांच्या आईचं फोलेट जास्त आणि बी-12 कमी होतं, त्या मुलांमध्ये इन्सुलिन रेझिस्टन्स (शरीराने इन्सुलिनला दाद न देणं) सर्वात जास्त दिसला. हा निष्कर्ष 2008 मध्ये छापला गेला. आपल्याकडे गरोदर बाईला फोलिक ॲसिडची गोळी न चुकता मिळते; बी-12 कुणी बघत नाही, आणि शाकाहारी घरात ते कमी असणं अगदी नेहमीचं. पुढे त्याच मुलांना, ती पौगंडावस्थेत असताना, बी-12 आणि इतर सूक्ष्म पोषकद्रव्यं देऊन त्यांच्या होणाऱ्या बाळांवर काय परिणाम होतो हे बघायची चाचणी उभी राहिली. आजी, आई, बाळ, अशा तीन पिढ्या एका अभ्यासात. हे काम डॉक्टरांनी एकट्याने केलेलं नाही. दर महिन्याला उंबरठ्यावर जाऊन बसणाऱ्या, त्या घरातली लग्नं-बारशी ठाऊक असणाऱ्या गावातल्या कार्यकर्त्यांनी ते उभं केलं. परदेशात गेल्याशिवाय संशोधन होतं का, असं तू विचारलंस. हे संशोधन परदेशात होणंच शक्य नव्हतं.

दुसरं उदाहरण चेन्नईचं. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध 850 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देऊन फायदा दिसला होता. चेन्नईच्या ए. रामचंद्रन यांच्या गटाने 531 जणांवर भारतीय चाचणी केली, ती 2006 मध्ये प्रसिद्ध झाली. आपले लोक अमेरिकेतल्यांपेक्षा खूप कमी वजनाचे, तरी नुसत्या सल्ल्यावर राहिलेल्यांपैकी तीन वर्षांत 55 टक्के मधुमेही झाले. आहार-व्यायामाच्या गटात हे प्रमाण 39 टक्के राहिलं. मेटफॉर्मिनचा डोस 250 मिलिग्रॅम दोनदा इतकाच ठेवावा लागला आणि तेवढ्यानेही जवळपास तितकाच फायदा झाला. दोन्ही एकत्र केल्याने जास्त काही मिळालं नाही. आपल्या माणसांचा डोसही आपल्यालाच शोधावा लागतो, तो हा असा.

आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या पाहणीचा देशभराचा अहवाल 2023 मध्ये आला. एक लाख तेरा हजारांवर प्रौढांची तपासणी, देशात मधुमेहींची संख्या सुमारे 10.1 कोटी, आणि सगळ्यात जास्त प्रमाण गोव्यात, 26.4 टक्के. म्हणजे दर चार प्रौढांमागे एकाहून जास्त. घरोघर जाऊन रक्त गोळा करणारी माणसं या आकड्यामागे आहेत, हे विसरू नकोस.

आता तुझा डीएम की पीएच.डी. हा प्रश्न. तुला रुग्ण बघायचे आहेत, हे तुझ्या पत्रातल्या प्रत्येक ओळीत दिसतं. मग आधी एमडी-डीएम कर. एमबीबीएसनंतर थेट पीएच.डी. करता येते, आणि ज्याला प्रयोगशाळेतच राहायचं आहे, पेशी आणि उंदीर यांच्यात रमायचं आहे, त्याने ती जरूर करावी. पुण्यात आयसर, एनसीसीएस, मुंबईत परळला पीसीओएसवर (स्त्रियांच्या बीजांडकोशांच्या हार्मोन-विकारावर) काम करणारी आयसीएमआरची प्रजनन आरोग्य संस्था, अशा जागा आहेत. पण पीएच.डी. करून पुन्हा एमडीच्या परीक्षेकडे वळणारे मी फार थोडे पाहिले. डीएमनंतर संशोधनाचं प्रशिक्षण घ्यायला मात्र दारं उघडी असतात. डॉक्टरांना भारतात राहून संशोधन करता यावं म्हणून इंडिया अलायन्स या संशोधनाला पैसे देणाऱ्या संस्थेच्या फेलोशिप आहेत. त्यांची मुलाखत कठीण असते आणि ते विचारतात तुझा प्रश्न काय, तो तुझाच का.

परदेशाबद्दल. इंग्लंडमध्ये एमआरसीपी ही परीक्षा करून मधुमेह आणि एंडोक्रायनॉलॉजीचं प्रशिक्षण मिळतं. तिथे त्याबरोबर जनरल मेडिसिनही करावं लागतं. अमेरिकेत यूएसएमएलई ही परवाना परीक्षा, तीन वर्षांची इंटर्नल मेडिसिन रेसिडेन्सी आणि मग साधारण दोन वर्षांची फेलोशिप. दोन्ही चांगले मार्ग आहेत. माझं मत विचारशील तर डीएम इथे करून मग वर्ष-दोन वर्षं एखादं तंत्र शिकायला बाहेर जावं. उलट क्रमाने गेलेले बहुतेक परत येत नाहीत. त्यात काही चूक नाही, पण तुला मराठवाड्यातल्या प्रश्नांवर काम करायचं असेल तर ते प्रश्न तिकडच्या ओपीडीत येणार नाहीत.

डायबेटॉलॉजीच्या सहा महिन्यांच्या किंवा वर्षाच्या सर्टिफिकेट कोर्सेसच्या जाहिराती तुला आत्ताच येत असतील. गावात प्रॅक्टिस करणाऱ्या एमबीबीएस डॉक्टरला त्यातल्या काहींचा उपयोग होतो. पण ते डीएमचा पर्याय नाहीत आणि त्यांच्या जोरावर पाटीवर "हार्मोनतज्ज्ञ" लिहिणं मला पटत नाही.

थीसिसबद्दल थोडं ठासून बोलते. एमडीला विषय निवडताना सगळे "मधुमेहात व्हिटॅमिन डी", पन्नास रुग्ण आणि पन्नास निरोगी, याच वाटेने जातात. त्यातून कुणाला काही कळत नाही, तुलाही नाही. तुझ्या वॉर्डातच प्रश्न पडलेले आहेत. एचबीए-वन-सीचंच (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या तपासणीचंच) बघ. लाल पेशी सुमारे 120 दिवस जगते या गृहीतावर ती तपासणी उभी आहे. लोहाची कमतरता असेल तर आकडा खोटा वर जाऊ शकतो. सिकलसेल असेल तर पेशी लवकर मरतात आणि आकडा खोटा खाली येतो. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल किती आहे ते तुला ठाऊक आहे. मराठवाड्यातल्या बायकांमध्ये ॲनिमिया किती आहे तेही तू रोज बघतेस. मग अशा माणसांच्या एचबीए-वन-सीवर आपण औषध वाढवतो किंवा कमी करतो तेव्हा नक्की काय करत असतो? हा थीसिसचा विषय आहे. बाळंतपणातला मोठा रक्तस्राव आणि शीहानचं निदान यांत किती वर्षं गेली, हाही आहे. उसाच्या हंगामात इन्सुलिन घेणाऱ्यांचं काय होतं, हाही आहे.

आणि नमुना हाताळायला शिक, अगदी लॅब टेक्निशियनच्या शेजारी उभं राहून. साध्या नळीत रक्त तसंच पडून राहिलं तर पेशी ग्लुकोज खात राहतात आणि तासाला पाच-सात टक्के साखर कमी होत जाते. फ्लोराइडची नळी वापरली तरी पहिल्या तासात तिचा पूर्ण असर होत नाही. एसीटीएचचं (कॉर्टिसोलला हुकूम देणाऱ्या हार्मोनचं) रक्त ईडीटीए नळीत, बर्फात, लगेच. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्या मुलीचा थायरॉइडचा रिपोर्ट काही मशीनवर हुबेहूब ग्रेव्हज डिसीजसारखा (थायरॉइड जास्त चालण्याच्या आजारासारखा) येतो, आणि अशा मुलीला थायरॉइड दाबायची गोळी सुरू झालेली मी पाहिली आहे. ज्याला नमुना कुठून आला, किती वेळ टेबलावर पडला हे माहीत नाही, त्याच्या संशोधनातल्या आकड्यांवर मी विश्वास ठेवत नाही.

संख्याशास्त्र दुसऱ्यावर सोपवू नकोस. निदान इतकं शिक, की संख्याशास्त्रज्ञासमोर बसून तुझा प्रश्न त्याच्या भाषेत मांडता येईल. एथिक्स कमिटीची परवानगी आणि चाचणी असेल तर सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीतली नोंद ही कटकट मानू नकोस. पहिला रुग्ण घेण्याआधी ती झालेली असली पाहिजे.

आता उरलेले चार महिने. मेडिसिनच्या युनिटमध्ये मधुमेहाची ओपीडी ज्या दिवशी असते त्या दिवशी जा, पोस्टिंग दुसरीकडे असेल तर विनंती करून दुपारी जा. पायाची संवेदना तपासायला 10 ग्रॅमचं मोनोफिलामेंट (टोचून बघायचा नायलॉनचा दोरा) आणि 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क घे. दोन्ही मिळून फार पैसे लागत नाहीत. येणाऱ्या प्रत्येकाला चपला काढायला सांग आणि पाय बघ. तळवा, बोटांच्या बेचक्या, टाचेच्या भेगा, नाडी. बरेच रुग्ण सांगतील की इतक्या वर्षांत पाय कुणी बघितलाच नाही. पंढरीच्या वाटेवर अनवाणी चाललेला, पोळल्याचं कळलंच नाही असा एखादा तुला आषाढानंतर नक्की भेटेल. त्याच्याशी नीट बस.

युनिटच्या प्रमुखांना सांगून, कॉलेजच्या एथिक्स कमिटीला विचारून, पायांची एक नोंदवही सुरू कर. तू गेल्यावर पुढच्या इंटर्नला ती देऊन जा. त्या वहीत वय, साखर, औषधं हे सगळेच लिहितात. तू आणखी दोन रकाने ठेव. एक, ऊसतोडीला किंवा कामाला कुठे जाता, कोणत्या महिन्यात परत येता. दुसरा, फोन लागला नाही तर निरोप कुठे द्यायचा. मोबाइल नंबर सहा महिन्यांत बदलतात; आशाताईचा, किराणा दुकानाचा, शाळेतल्या मास्तरांचा नंबर बदलत नाही. आमच्या युनिटमध्ये पहिल्या वर्षी हा रकाना नव्हता आणि दोनशेपैकी ऐंशी माणसं आम्हाला पुन्हा कधी सापडली नाहीत.